एपिडॉरसच्या पायऱ्या

ग्रीक नाटकांशीं आमच्याकडील सुशिक्षित वर्गाचा जो परिचय आहे तो बहुतांशीं पुस्तकांतला आहे. महाविद्यालयांतून सॉफोक्लीझचें एखादें नाटक इंग्रजी भाषांतरांत नेमलेलें असतें, जोडीला ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रांतलीं कांहीं प्रकरणें असतात, आणि प्रस्तावनेच्या पानांवर एका विशाल, पंख्याच्या आकाराच्या दगडी नाट्यगृहाचें छायाचित्र असतें. तें छायाचित्र पुष्कळ वेळां एपिडॉरसचें असतें. विद्यार्थी तें पाहतात, अध्यापक त्यावर पांच मिनिटें बोलतात, आणि वर्ग 'करुणा व भीति' या परीक्षेच्या दृष्टीनें अधिक फलदायी विषयाकडे वळतो. तीस वर्षांच्या अध्यापनांतला आमचा अनुभव असाच आहे.

त्या छायाचित्रांत एक गोष्ट दिसत नाहीं. नाट्यगृहाकडे पाठ करून पाइनच्या झाडींतून थोडें खालीं उतरलें, कीं प्राचीन जगांतल्या एका अत्यंत विख्यात आरोग्यधामाचे अवशेष लागतात. आणि हें नाट्यगृह त्या आरोग्यधामाचेंच एक अंग होतें. दूरदूरचे आजारी, आंधळे, पांगळे, निपुत्रिक लोक ज्या देवाच्या दारीं येत, त्याच देवाच्या उत्सवासाठीं हें बांधलें गेलें. इतकें प्रचंड नाट्यगृह ग्रीकांनीं रोग्यांच्या शेजारीं कां उभारावें, हा प्रश्न पुस्तक वाचतांना सुचत नाहीं. तेथें गेल्यावर मात्र तो टाळतां येत नाहीं.

इ. स. २०२३ च्या जून महिन्यांत आम्हांस सपत्नीक हें स्थळ पाहण्याचा योग आला. अथेन्सहून मोटारीनें सुमारें दोन तासांचा रस्ता आहे. आर्गोलिस हा प्रांत डोंगराळ. वाटेंत ऑलिव्हच्या बागा व उन्हानें करपलेल्या टेकड्या. एपिडॉरस नगर समुद्रकांठीं होतें. देवस्थान तेथून कांहीं मैल आंत, डोंगरांनीं वेढलेल्या एका शांत खोऱ्यांत आहे. नाट्यगृह किनॉर्टिअन नांवाच्या टेकडीच्या उतारांत बसविलेलें आहे. बसविलेलें म्हणण्याचें कारण असें कीं, टेकडी आधीं होती व पायऱ्या मागून आल्या असें तेथें वाटतच नाहीं; टेकडीला जात्याच तो आकार असावा आणि माणसानें तिच्यावर फक्त दगड अंथरले असावे, असा भास होतो.

पायऱ्यांच्या एकूण ५५ रांगा आहेत. खालच्या ३४ मूळच्या, इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांतल्या. वरच्या २१ पुढें इ. स. पू. दुसऱ्या शतकांत वाढविलेल्या. बारा ते चौदा हजार माणसें येथें बसूं शकत. मध्यें सुमारें २० मीटर व्यासाचें मातीचें संपूर्ण वर्तुळ आहे, व त्याच्या कडेला पांढऱ्या दगडाची रेघ आहे. वृंद नाचत-गात असे तो या वर्तुळांत. सॉफोक्लीझ व युरिपिडीझ हें नाट्यगृह बांधलें जाण्याच्या अर्ध्या शतकाहून अधिक काळ आधींच वारले होते. त्यांच्या दृष्टीस तें कधीं पडलें नाहीं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत पॉसेनिअस हा प्रवासी येथें आला. रोमन नाट्यगृहें थाटामाटांत याच्याहून वरचढ आहेत हें त्यानें मान्य केलें, परंतु प्रमाणबद्धतेंत व सौंदर्यांत हें रचणाऱ्या पॉलिक्लीटसची बरोबरी कोणी करणार नाहीं असा निर्वाळा दिला. पुढें देवस्थान ओसाड पडलें आणि पायऱ्या मातीखालीं गेल्या. १८८१ मध्यें पानागिस कवादिआस या ग्रीक पुरातत्त्वज्ञानें उत्खनन सुरू केलें तेव्हां त्या पुन्हा उजेडांत आल्या. १९३८ सालीं येथें सॉफोक्लीझचें 'इलेक्ट्रा' झालें. अर्वाचीन काळांतला हा पहिला प्रयोग. १९५४ त युरिपिडीझचें 'हिपॉलिटस' झालें, व १९५५ पासून दर उन्हाळ्यांत नाट्यमहोत्सव भरूं लागला.

नाट्यगृहाच्या ध्वनिगुणाची कीर्ति इतकी आहे कीं, बहुतेक प्रवासी तेवढ्याचसाठीं येतात. वर्तुळाच्या मध्यबिंदूवर उभें राहून कोणी टाळी वाजवितो, कोणी नाणें टाकतो, कोणी कागद फाडतो. आणि सुमारें ६० मीटर दूर, शेवटच्या पायरीवर बसलेला त्याचा सोबती हात हलवून ऐकूं आल्याची ग्वाही देतो. २००७ मध्यें अमेरिकेंतल्या दोघां शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, दगडी पायऱ्यांची चढती रचना एखाद्या गाळणीसारखें काम करते. वाऱ्याचा व गर्दीचा खर्जांतला गोंगाट ती दाबते आणि मानवी आवाजांतले वरचे स्वर पुढें जाऊं देते. २०१७ मध्यें आयंडहोवेन येथील डच संशोधकांनीं यंत्रें लावून मोजमाप केलें, तेव्हां नाण्याची व कुजबुजीची आख्यायिका कांहींशी अतिशयोक्तीची ठरली. मात्र नटानें कसलेल्या खड्या आवाजांत बोललेले शब्द दूरच्या पायरीपर्यंत पोंचतात, हें त्यांतूनहि निघालें. आमच्या मतें नाटकासाठीं एवढें पुरें आहे.

येथें आम्हांस आमच्या भरतमुनींची आठवण झाली. नाट्यशास्त्रांत मर्त्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम नाट्यगृहच योग्य म्हटलें आहे. याहून मोठें केलें तर पाठ्य अस्पष्ट होतें आणि नटाच्या मुखावरचे भाव प्रेक्षकांस दिसत नाहींत, असा तेथें इशारा आहे. ग्रीकांपुढें तीच अडचण होती, पण अख्खें नगर एका जागीं बसविल्यावांचून त्यांचें भागत नव्हतें. मुखावरचे भाव दिसत नाहींत म्हणून त्यांनीं मुखवटा पत्करला; आणि शब्द ऐकूं यावा म्हणून टेकडी पत्करली. चेहरा गमावला तरी चालेल, शब्द गमावतां कामा नये, असा हा सौदा होता. त्याचा अर्थ आम्हांस पुढें त्या दिवशींच अधिक उमगला.

नाट्यगृहांतून निघून आम्ही खालच्या देवस्थानांत गेलों. प्रवाशांची गर्दी येथें एकदम विरळ होते, कारण पाहण्यासारखें उभें असें फारसें उरलेलें नाहीं. जोतीं, खांबांचे तुकडे, गवत, आणि रातकिड्यांप्रमाणें भरदुपारीं किरकिरणारे कीटक. प्रथम धर्मशाळा लागते. तिला १६० खोल्या होत्या. पलीकडे धांवण्याच्या शर्यतींचें लांबट मैदान. मग अस्क्लीपिअस देवाचें मंदिर. त्याच्या बांधकामाचा जमाखर्च दगडावर कोरलेला सांपडला आहे. त्यावरून समजतें कीं काम पांच वर्षांच्या आंत पुरें झालें आणि थिओडोटस या स्थपतीस सालीना ३५३ द्राख्मा, म्हणजे रोजचा सुमारें एक द्राख्मा, वेतन होतें. आंत पॅरॉस बेटावरच्या थ्रॅसिमीडीझनें घडविलेली हस्तिदंताची व सोन्याची मूर्ति होती. एका हातांत काठी, दुसरा हात सर्पाच्या मस्तकावर, आणि पायांशीं कुत्रा. जवळच एक वर्तुळाकार वास्तु होती. तिच्या तळघरांत एकांत एक अशा भिंतींचा चक्रव्यूह आहे, आणि त्याच्या प्रयोजनाविषयीं विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

या सर्वांत महत्त्वाचें म्हणजे अबाटन, निजण्याचें दालन. रोग्यानें स्नान करावें, देवाला नैवेद्य दाखवावा, आणि रात्रीं या दालनांत जमिनीवर झोंपावें. स्वप्नांत देव येई. कधीं हात फिरवी, कधीं औषध लावी, कधीं शस्त्रक्रियाहि करी. सकाळीं रोगी बरा होऊन बाहेर पडे. जे बरे झाले त्यांच्या हकीकती शिळांवर कोरून आवारांत उभ्या केलेल्या असत. पॉसेनिअसनें अशा सहा शिळा पाहिल्या. आज त्यांतल्या सुमारें सत्तर हकीकती वाचावयास मिळतात.

या हकीकती वाचून वाचकांस हसूं येईल, आणि थोडें आपलेपणहि वाटेल. एका आंधळ्या डोळ्याच्या अथेनियन बाईनें आवारांत फिरतांना या लेखांची थट्टा केली. देव स्वप्नांत येऊन म्हणाला, तुला बरी करतों, पण स्वतःच्या मूर्खपणाची आठवण म्हणून चांदीचें डुक्कर वाहावें लागेल. चांदीचे डोळे व चांदीचे पाळणे वाहणाऱ्या आमच्या नवसकऱ्यांस हा व्यवहार परका वाटूं नये. युफॅनीझ नांवाच्या मुलाला मुतखडा झाला होता. देवानें विचारलें, बरा केला तर काय देशील? पोरगा म्हणाला, खेळायचे दहा फांसे. देव हंसला आणि त्यानें मुलाला बरें केलें. हें दहा फाशांचें मोल ज्या कोणीं शिळेवर कोरवून ठेवलें, त्याच्याविषयीं आम्हांस फार आदर वाटतो.

पहिल्याच हकीकतींत क्लिओ नांवाच्या स्त्रीची गोष्ट आहे. ती पांच वर्षें गरोदर होती म्हणे. दालनांत एक रात्र झोंपली, सकाळीं उठून देवस्थानाच्या सीमेबाहेर पडली, आणि बाहेर पडतांच प्रसूत झाली. येथें 'बाहेर' हा शब्द विनाकारण आलेला नाहीं. पॉसेनिअस लिहितो कीं, या पवित्र आवारांत कोणी मरूं नये व कोणी बाळंत होऊं नये असा नियम होता. जन्म आणि मरण या दोहोंचाहि देवाला विटाळ होई. प्रसववेदना सुरू झालेल्या स्त्रीला आणि घरघर लागलेल्या रोग्याला उघड्यावर, सीमेपलीकडे जावें लागे. पॉसेनिअसच्याच काळांत अँटोनायनस नांवाच्या एका रोमन सरदारानें ही दैना पाहून सीमेबाहेर एक घर बांधून दिलें. त्यांत माणसानें निर्वेध मरावें व स्त्रीनें निर्वेध प्रसवावें. म्हणजे तोंपर्यंत निदान पांच शतकें तेथें तेवढेंहि नव्हतें.

हा नियम आम्ही पुस्तिकेंतून वाचून दाखविला, तेव्हां आमच्या पत्नी एका पडलेल्या खांबावर बसल्या होत्या. थोडा वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊजींना इथंसुद्धा ठेवून घेतलं नसतं."

भाऊजी म्हणजे आमचे वडील बंधु. आम्ही त्यांस दादा म्हणत असूं. २०२१ सालच्या हिवाळ्यांत ते निवर्तले. सात महिने ते शहरांतल्या एका मोठ्या रुग्णालयांत जाऊन-येऊन होते. शेवटीं एके सकाळीं तेथील तरुण डॉक्टरांनीं आम्हांस बाजूला घेतलें आणि अत्यंत सौजन्यानें सांगितलें कीं, आतां येथें करण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं, त्यांस घरीं न्यावें. खाट एक होती आणि ती जो बरा होऊं शकतो त्याला मिळावी, हें त्यांचें म्हणणें न्यायाचें होतें. त्याबद्दल आमच्या मनांत राग नाहीं. परंतु दादांस स्ट्रेचरवरून त्या कांचेच्या दारांतून बाहेर आणलें, तेव्हां त्यांनीं एकदां मागें वळून पाहिलें. पायांखालची सीमारेषा त्यांस दिसली असावी.

साताऱ्याच्या घरीं ते पुढें एकोणीस दिवस होते. त्या दिवसांत माणसें येत. शेजारचे, जुने सहकारी, ज्यांच्याशीं वीस वर्षें बोलणें नव्हतें असे एक चुलतभाऊ. आमच्या भाषेंत यास 'समाचाराला येणें' म्हणतात. समाचाराला येणारें माणूस औषध आणीत नाहीं. फार तर दोन मोसंबीं आणतें. तें येऊन बसतें. कांहीं बोलतें, कांहीं बोलत नाहीं. घड्याळाकडे पाहतें, चहा घेतें, आणि उठतांना "येतों हं" म्हणतें. या बसण्यानें दादांच्या दुखण्यांत तिळमात्र फरक पडला नाहीं. पण दुपारीं चार वाजतां दाराची कडी वाजली कीं ते उशीवर मान वळवीत. आणि कोणी आलें नाहीं त्या दिवशीं तीं वळलेली मान तशीच राही.

देवस्थानांतून परत वर येतांना आम्हांस युरिपिडीझच्या 'हिपॉलिटस'चा शेवट आठवला. हें नाटक इ. स. पू. ४२८ मधलें. सावत्र आईच्या खोट्या आरोपावर विश्वास ठेवून राजा थीसिअस आपल्या निरपराध मुलाला शाप देतो. समुद्रांतून बैल उठतो, घोडे उधळतात, आणि लगामांत गुंतून फरपटत गेलेला हिपॉलिटस मरणाच्या वाटेवर असतांना रंगभूमीवर आणला जातो. ग्रीक नाटकांत मरण बहुधा पडद्याआड घडतें आणि दूत येऊन तें सांगतो; येथें मात्र मरणारा डोळ्यांसमोर आहे. ज्या आर्टिमिस देवीची त्यानें जन्मभर निष्ठेनें सेवा केली, ती येते. ती त्याचें निर्दोषत्व जाहीर करते, पित्याला दोष देते, मुलाला क्षमा करावयास सांगते. आणि मरण अगदीं जवळ आलें असें दिसतांच ती निघते. मरणाऱ्याचा शेवटचा श्वास पाहणें देवतांना निषिद्ध आहे, असें ती सांगते. देवी जाते. उरतात ते बाप आणि मुलगा. ज्या बापानें शाप दिला त्याच्याच हातांत मुलगा डोकें ठेवतो, त्याला क्षमा करतो, आणि तोंडावर वस्त्र ओढावयास सांगून प्राण सोडतो.

दहा वर्षें आधींच्या 'ॲल्सेस्टिस' नाटकाचा आरंभ असाच आहे. ॲपोलोला त्या घराचा लोभ आहे, पण घरांत मरण येणार म्हणून विटाळ टाळण्यासाठीं तो घर सोडून निघाला आहे. निघतांना तो सांगतो कीं आपला मुलगा अस्क्लीपिअस याला झ्यूसनें वज्रानें मारलें. त्या मुलाचा अपराध कोणता? त्यानें वैद्यकाच्या बळावर मेलेलीं माणसें उठविलीं. तीं माणसें कोण याबद्दल कथा अनेक आहेत. त्यांतल्या एकींत हिपॉलिटसचें नांव आहे. पॉसेनिअसनें एपिडॉरसच्या आवारांत एक जुनी शिळा पाहिली होती. हिपॉलिटसनें देवाला वीस घोडे वाहिल्याचें तिच्यावर लिहिलेलें होतें.

आतां हें सर्व एकत्र ठेवून पाहावें. ज्या देवानें मरण हटविण्याचा यत्न केला व त्यासाठीं स्वतः मरण पत्करलें, त्याच्याच देवस्थानांत मरणाला मज्जाव होता. वैद्यकाचा हा स्वभावच असावा. बरें करणें हा ज्याचा धर्म, त्याला न बरें होणाऱ्याचें काय करावें हें ठाऊक नसतें. खालच्या आवारांत बरे झालेल्यांचे लेख होते. जे बरे झाले नाहींत त्यांची एकहि शिळा नाहीं. पण त्याच देवाच्या टेकडीवर, पांच मिनिटांच्या वाटेवर, हजारों माणसें बसतील अशी जागा होती. आणि जेथें जेथें शोकनाटक होतें तेथें मरणाला मज्जाव नसतो. देवी उठून जाते तेव्हां प्रेक्षकांतलें कोणी उठत नाहीं. रंगभूमीवर बाप बसलेला असतो आणि समोर पायऱ्यांवर अख्खें नगर बसलेलें असतें. कोणी कांहीं करूं शकत नाहीं, म्हणून कोणी जातहि नाहीं.

नाटक हें रोग्यांना औषध म्हणून दाखवीत, असें आतां वाटाडे बेलाशक सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. नाट्यगृह देवाच्या उत्सवासाठीं होतें. तो उत्सव दर चार वर्षांनीं भरे, आणि प्लेटोच्या 'आयॉन' संवादाचा नायक याच उत्सवांतली काव्यगायनाची स्पर्धा जिंकून अथेन्सला आलेला आहे. चार वर्षांनीं एकदां मिळणारें औषध कोणत्या रोग्याला पुरेल? ॲरिस्टॉटल वैद्याचा मुलगा होता, आणि शोकनाटकाचें कार्य सांगतांना त्यानें जो 'कॅथार्सिस' शब्द योजला त्याला वैद्यकाचा वास आहे, हें खरें. त्यावरून करुणा व भीति यांचें रेचन, शोधन, परिपाक असे नाना अर्थ काढून विद्वानांनीं ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. भरतमुनि याच्यापेक्षां साधें बोलले. दुःखानें, श्रमानें, शोकानें पीडलेल्यांस नाट्य विश्रांति देईल, एवढेंच त्यांचें आश्वासन. बरें करील असें त्यांनीं म्हटलें नाहीं. विश्रांति देणें व बरें करणें यांत केवढें अंतर आहे, हें ज्याच्या घरीं एकदां दीर्घ दुखणें येऊन गेलें त्यास सांगावें लागत नाहीं.

म्हणून ग्रीकांनीं केलेल्या त्या सौद्याची आम्हांस पुन्हा आठवण होते. मुखवट्यामागचा चेहरा दिसत नव्हता. पण बापाचें शेवटचें बोलणें ५५ व्या रांगेंतल्या माणसापर्यंत पोंचावें म्हणून केवढा खटाटोप! तो माणूस त्या बापाचा कोणी लागत नव्हता. दुसऱ्याचा शोक ऐकूं येईल अशा अंतरावर येऊन बसणें, हें नागरिकाचें एक कर्तव्य आहे, असें त्या लोकांस वाटत असलें पाहिजे. समाचाराला येणाऱ्या आमच्या साताऱ्याच्या शेजाऱ्यांनीं ॲरिस्टॉटल वाचला नव्हता, आणि भरताचें नांवहि त्यांतल्या बहुतेकांस माहीत नसेल. परंतु हें कर्तव्य त्यांस ठाऊक होतें.

हल्लीं मोठ्या शहरांतून मरणासन्नांच्या शुश्रूषेसाठीं वेगळीं गृहें निघूं लागलीं आहेत, तीं अँटोनायनसच्या वाटेनें चाललीं आहेत असें आम्ही समजतों, आणि तीं वाढावीं अशी आमची इच्छा आहे. मात्र घर बांधून काम अर्धेंच होतें. तेथें येऊन बसणारें कोणी लागतें. रुग्णालयांतून भेटीच्या वेळा ठरलेल्या, पाहुण्याला खुर्ची एक, आणि लहान कुटुंबांत रजा काढूं शकणारें माणूसहि एकच; अशा दिवसांत ही बसण्याची विद्या आमच्या समाजांतून हळूहळू नाहींशी होत आहे कीं काय, अशी शंका येते. ती नाहींशी झाली तर तिची भरपाई कोणतेंहि औषध करणार नाहीं.

संध्याकाळ होतां होतां प्रवाशांच्या मोटारी निघून गेल्या. टाळ्या थांबल्या होत्या आणि नाणीं वाजत नव्हतीं. आमच्या पत्नी वरच्या रांगांपर्यंत चढून गेल्या. आम्ही खालीं वर्तुळाच्या कडेशीं उभे होतों. तेथून त्यांचा चेहरा ओळखूं येत नव्हता. त्या कोणत्याहि विशेष प्रकारें बसल्या नव्हत्या. समाचाराला गेलेलें माणूस जसें बसतें, तशा, हात मांडीवर ठेवून. दगड दिवसभर उन्हानें तापलेले होते व अजून ऊबदार होते.